उजव्या हातानं डावी नाकपुडी

आमच्या इचलकरंजीत औषधाच्या दुकानात येऊन आजाराचं नाव फारसं कुणी सांगत नाही. "ताई, ते नाकात घालायचं द्या की," एवढंच म्हणतात, किंवा रिकामी बाटली काउंटरवर ठेवून तिच्याकडे बोट करतात. मी लगेच बाटली काढत नाही. आधी विचारते, कुणाला हवंय, किती दिवसांपासून चालू आहे, चिठ्ठी आहे का. कारण ही एकच मागणी करणाऱ्यांना तीन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एकाला पाच मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब हवे असतात, दुसऱ्याला डॉक्टरांनी काही महिने चालवायला सांगितलेला स्टेरॉइडचा फवारा हवा असतो आणि तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. तिन्ही जातात नाकातच, पण तिन्हींचा उपयोग वेगळा आणि वापरायची मुदतही वेगळी. एकाच्या जागी दुसरं गेलं, तर माणूस महिनोन् महिने खर्च करूनही तिथंच राहतो.

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरमागं उभं राहून इतकी वर्षं जे पाहिलं, त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. जुनाट सायनसच्या उपचारात औषध निम्मं असतं आणि ते वापरणारा हात निम्मा. तो हात कसा वळवायचा, मान किती झुकवायची, पाणी कुठलं घ्यायचं, हे दाखवायला कुणाला तरी दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. दवाखान्यात रांग मोठी असते, बाटलीसोबतचा कागद बारीक इंग्रजीत असतो, आणि घरी तर कुणालाच माहीत नसतं. मग ती मिनिटं दुकानातच सापडायला हवीत.

गाव मागाचं आहे. सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात. मागावर घासून ती खळ झडते, सुताचे बारीक तंतू सुटतात आणि दिवसभर शेडमध्ये तरंगत राहतात. बारा तासांची पाळी संपवून बाहेर आलेल्या माणसाच्या भुवयांवर ते पांढरं साचलेलं दिसतं. ते नाकात काय करत असेल, हे वेगळं सांगायला नको. अर्थात नाक चोंदलेला प्रत्येक जण मागावरचाच असतो असं नाही. शिक्षिका येतात, बँकेतले लोक येतात, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या आज्याही येतात. ॲलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, नाकात वाढलेलं मांस, दमा, वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू, अशी कारणं अनेक असतात. धूळ त्यात भर घालते.

डॉक्टर ज्याला जुनाट म्हणतात, तो आजार बारा आठवडे किंवा त्याहून अधिक चाललेला असतो. नाक बंद, पुढून किंवा मागून घशात उतरणारा घट्ट स्राव, गालांत आणि कपाळात दाब, वास कमी येणं. काउंटरवर याला "सर्दी हटत नाही" म्हणतात. हटत का नाही, हे मला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातल्या कवटीच्या प्रतिकृतीवर दाखवलं होतं. गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना पोकळी असते. तिचं नाकात उघडणारं तोंड तळाशी असेल, असं आपण धरून चालतो. ते असतं वर, छताजवळ. म्हणजे उभ्या माणसाच्या गालातला स्राव आपोआप निथळून जात नाही. आतल्या अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे केस तो कणाकणानं चढावर ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. अस्तराला सूज आली की काही मिलिमीटरचं ते तोंड मिटतं, स्राव घट्ट होतो, केस थकतात. त्या दिवसापासून मी लोकांना सांगताना गालावर बोट ठेवून वरच्या दिशेनं रेघ ओढून दाखवते. एवढ्यानं त्यांच्या लक्षात येतं की एका झटक्यात हे साफ होणारं नाही आणि रोज थोडं थोडं करत राहावं लागणार आहे.

थेंबांमुळे सगळ्यात जास्त त्रास झालेला मी पाहिला आहे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही ती औषधं. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, माणूस मोठा श्वास घेतो. साध्या सर्दीत दोन-तीन रात्री झोप लागावी म्हणून ती उत्तम आहेत. पण आठवडाभरापुढं रेटली की नाक उलटतं. थेंबांचा असर संपला की आधीपेक्षा जास्त सूज येते, म्हणून पुन्हा थेंब, मग आणखी लवकर पुन्हा. रक्तदाब असलेल्यांना तर ही औषधं आणखी जपून वापरावी लागतात. एक जॉबर होता, मागांची दुरुस्ती बघणारा, रातपाळीचा. शर्टाच्या खिशात बाटली कायम. ती खिशात नसली तर कासावीस व्हायचा. "न्हाई घातलं तर जीव गुदमरतोय ओ ताई," म्हणायचा, आणि ते खरंच होतं. त्याच्या बाटल्यांमधलं अंतर कमी होत चाललेलं बघून मी त्याला डॉक्टरांकडं जायला लावलं. त्यांनी स्टेरॉइडचा फवारा सुरू केला आणि थेंब एकदम बंद न करता आधी एका नाकपुडीचे बंद करायला सांगितले, ती सुधारली की दुसरीचे. पहिल्या आठवड्यात त्याची झोप पूर्ण झालेली नाही, हे त्याच्या डोळ्यांवरून कळायचं. त्या दिवसांत पाळीला जाता-येता तो दुकानात थांबायचा, आणि मी त्याला थेंब देत नसे. थोडा धीर धरा, एवढंच सांगायचे. काही आठवड्यांनी त्याचा खिसा मोकळा झाला. थेंब सोडणं किती अवघड असतं, हे जवळून बघितल्यापासून "नाकात घालायचं" मागणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याचा मला संकोच वाटत नाही. कुणी चिडलं तरी चालेल.

स्टेरॉइडचा फवारा म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड यांपैकी काहीतरी. याची अडचण थेंबांच्या बरोबर उलटी आहे. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. पूर्ण गुण यायला रोज नेमानं दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चौथ्या दिवशी माणूस परत येतो, "ह्याचा काय उपयोग न्हाई, ते आधीचंच द्या," म्हणून. म्हणून देतानाच बजावून सांगते, पंधरा दिवस याला नावं ठेवायची नाहीत.

आणि मग हात. बहुतेक जण उजव्या हातात बाटली धरून दोन्ही नाकपुड्यांत सरळ वर मारतात, डोकं मागं टाकतात आणि जोरात आत ओढतात. औषध घशात उतरतं, कडू लागतं. उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारलं की टोक मधल्या पडद्याकडं वळतं, रोज त्याच जागी फवारा बसून ती जागा सोलवटते आणि रक्त येतं. "ह्या औषधानं माझं नाक फुटलं" अशी तक्रार घेऊन आलेल्याला मी आधी मारून दाखवायला सांगते. दुकानात एक दाखवायची बाटली ठेवली आहे, ती कुणाच्या नाकाला लावायची नाही, हवेतच मारायची. उजव्या हातानं डावी नाकपुडी, डाव्या हातानं उजवी. मान किंचित पुढं, जमिनीकडं बघत. टोक थोडंसंच आत, रोख कानाच्या दिशेला, म्हणजे पडद्यापासून दूर. हळू श्वास घेत दाबायचं, जोरात ओढायचं नाही. बाटली आधी हलवायची, नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत मारून घ्यायची. ऐकताना हे फार वाटतं, पण करून दाखवलं की एका मिनिटाचं काम आहे. पंचाहत्तरीच्या काकांनाही जमतं. ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्या सुनेला किंवा नातवाला दाखवते.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून काही जण बाटली परत ढकलतात. त्यांची भीती मी उडवून लावत नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन साखर वाढलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं त्यांनी घरात पाहिलेली असतात. मी हिशोब सांगते. नेहमीच्या फवाऱ्यात एका दाबात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं, दोन्हीकडं दोन-दोन मारले तर दिवसाला 200, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. गोळी पाच, दहा, वीस मिलिग्रॅमची असते. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळं तराजूत सरळ घालता येत नाहीत, पण फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन नाकातून रक्तात फार थोडं उतरतं. काचबिंदू असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, हेही जोडते. याच हिशोबातून दुसरंही कळतं. 120 फवाऱ्यांची बाटली दिवसाला चार मारले तर महिनाभर पुरते. तीच बाटली कुणाला तीन महिने पुरत असेल, तर तो रोज मारत नाही, हे मला त्याच्या येण्यावरूनच समजतं. मग विचारते, पैशाची अडचण आहे का. पुष्कळदा तेच कारण असतं. फवारा थेंबांपेक्षा कितीतरी महाग पडतो. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून त्याच औषधाची स्वस्त बाटली चालेल का, हे विचारून घेते.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं माझ्या स्वतःच्या अंगवळणी पडलेलं आहे. खोकी, पुठ्ठे, जुन्या बिलांची धूळ यांत दिवस गेला की संध्याकाळी माझंही नाक जड होतं. डॉक्टर फवाऱ्याच्या आधी हे करायला सांगतात, आणि त्याचं कारण साधं आहे. आत घट्ट शेंबूड आणि खपल्या असताना मारलेला फवारा त्या शेंबडावरच बसतो, अस्तरापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी धुवायचं, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं, मग फवारा. मिठाच्या पाण्याचा लहान स्प्रेही मिळतो, तो नाकाचा पुढचा भाग ओला ठेवतो. पण जुनाट आजारात भरपूर पाणी, हलक्या दाबानं, एका बाजूनं घालून दुसरीकडून काढलेलं जास्त उपयोगी पडतं. त्यासाठी साधारण 240 मिलिलिटरची दाबायची बाटली येते. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं, श्वास तोंडानंच. पाणी चालू असताना "क-क-क" म्हणत राहिलं की घशाची मागची बाजू वर उचलली जाते आणि पाणी खाली उतरत नाही. गिळायचं नाही, नंतर नाक हळू शिंकरायचं. जोर लावला तर दाब कानात जातो. कान दुखत असेल किंवा नाक पार गच्च असेल तर त्या दिवशी करायचं नाही. झोपायच्या अगदी आधीही नको, कारण आत राहिलेलं पाणी आडवं झाल्यावर उतरतं.

मिठाचं प्रमाण लोकांना किरकोळ वाटतं. रक्ताशी जुळणारं प्रमाण लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे 240 मिलिलिटरच्या बाटलीला सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, पोहताना पाणी गेल्यासारखं. फारच जास्त झालं तर आग होते. तयार पुड्यांमध्ये मीठ आणि थोडा खायचा सोडा मोजून घातलेला असतो, पण रोजच्या पुड्या सगळ्यांना परवडत नाहीत. घरी करायचं म्हटलं तर "अर्धा चमचा" सांगून भागत नाही. कुणाचा चमचा चहाचा, कुणाचा पोह्यांचा, कुणी सपाट भरतो, कुणी शीग लावून. मीठही कुणाचं बारीक, कुणाचं भरड. म्हणून मी सांगते, घरातला चमचा आणि डबीत थोडं मीठ घेऊन या. शक्यतो आयोडीन नसलेलं आणि बारीक दळलेलं. दुकानातल्या छोट्या काट्यावर वजन करून देते आणि चमच्याला किती भरल्यावर सव्वादोन ग्रॅम होतात ते त्यांच्याच डोळ्यांसमोर दाखवते. एकदा एक मावशी तीन चमचे घेऊन आल्या होत्या. तिन्हींचं वजन वेगळं भरलं. "मग मी आजवर काय घालत होते?" म्हणाल्या आणि त्यांतला एक चमचा फक्त नाकासाठी बाजूला काढला.

पाण्याच्या बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही. नळाचं, बोअरचं, टाकीतलं पाणी सरळ नाकात घालायचं नाही. खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं. किंवा डिस्टिल्ड पाणी आणायचं. पोटात गेले तर आम्लात मरणारे काही जंतू नाकाच्या वरच्या टोकाला पोचले तर थेट मेंदूची वाट धरतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा त्यांतलाच. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्यानं नाक धुणारी दोन माणसं त्यानं दगावली. अलीकडं केरळमध्ये मेंदूच्या अमीबाचे रुग्ण सापडले, तेव्हा मराठी वाहिन्यांवरही ती बातमी होती आणि लोक घाबरून विचारायला आले. हा आजार फार विरळा आहे, हे मी सांगते, आणि उकळल्यावर ही भीती राहत नाही, हेही सांगते. आमच्या गावाला पाणी उकळायला शिकवावं लागत नाही. 2012 च्या काविळीच्या साथीनं ते शिकवलं. पण नळाला चार दिवसांनी पाणी येतं अशा घरात, गॅसवर नाकासाठी वेगळं पाणी उकळणं म्हणजे रोजची एक जास्तीची खटपट, हे मी विसरत नाही. सकाळी चहाच्या आधी एकदाच उकळून झाकून ठेवा, तेच संध्याकाळीही चालेल, दुसऱ्या दिवशी मात्र नवं. बाटली धुऊन उलटी वाळवा आणि तीन-एक महिन्यांनी बदला.

जलनेती करणारे जुने लोकही येतात. एक निवृत्त मास्तर लोणावळ्याच्या कैवल्यधामात नेती शिकून आलेले आहेत. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेली ती संस्था शुद्धिक्रियांचं शिक्षण अजूनही देते. मास्तरांकडं पितळेचा नेतीपात्र-लोटा आहे. बाटली दाबायची त्यांना गरज वाटत नाही, मान तिरकी करून पाणी आपल्या ओघानं एका नाकपुडीत घालून दुसरीतून काढतात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. नेती झाल्यावर ते कमरेत वाकून डोकं खाली, मग डावीकडं, उजवीकडं वळवत सगळं पाणी निथळून काढतात. लोक नाक धुतल्यावर लगेच सरळ होतात आणि तासाभरानं बोलता बोलता नाकातून पाणी गळतं. हे निथळणं आता मी सगळ्यांना शिकवते. आणि मास्तरांनी माझ्याकडून उकळलेलं पाणी घेतलं.

सगळ्या डोकेदुखीला सायनस म्हणायची पद्धत मला धोक्याची वाटते. कपाळ दुखतं, उजेड सहन होत नाही, मळमळतं, आणि नाक मात्र स्वच्छ आहे, अशी बाई वर्षानुवर्षं "सायनसची गोळी" मागत असते. तिला बहुधा अर्धशिशी असते. त्यावर वेगळे उपचार आहेत, आणि ते तिला मिळत नाहीत. एकाच बाजूनं दुर्गंधी येणारा पू असेल तर मी आधी दात दाखवायला सांगते. एकाच बाजूनं रक्त, डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, जोराचा ताप आणि मान आखडणं, यांतलं काही ऐकलं की मी काहीच विकत नाही, रिक्षात बसवून इस्पितळात पाठवते. 2021 चा मे महिना आठवतो. करोनातून उठलेली, साखर वाढलेली माणसं, गालाला बधिरपणा, नाकातून काळी खपली. काळ्या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक कोल्हापूर, सांगली, मिरज पालथं घालत होते आणि आमच्यासारख्या दुकानात येऊन फक्त "कुठं मिळंल सांगा" म्हणत होते. कुणाकडंच साठा नव्हता. त्यानंतर मधुमेह असलेला माणूस नाकाची तक्रार घेऊन आला की मी आधी शेवटची साखर किती होती ते विचारते.

ज्यांना दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करून पोकळ्यांची तोंडं रुंद करून दिली जातात, त्यांचीही धुणं-फवारणी सुटत नाही. उलट तेव्हा पाणी खऱ्या अर्थानं आतपर्यंत पोचायला लागतं. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक वहिनी आहे. नाकात मांस वाढून तिचा वास पूर्ण गेला होता. एकदा शेगडीवरचं दूध करपून धूर झाला, तो दिसला तेव्हा कळलं. गॅस गळला तर काय, या भीतीनं तिला रात्री झोप लागत नसे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी तिला आधी हिंगाचा वास आला, मग हळूहळू बाकीचे. आपलं आता बरं झालं म्हणून ती फवारा थांबवायला निघाली होती. मांस परत वाढू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या कानावरून गेलं होतं. मी तिला पुन्हा त्यांच्याकडं पाठवलं. आता दर महिन्याला ती बाटली न्यायला येते आणि येताना घरातल्या कुणाच्या तरी नाकाची हकीकत आणते.

मागावरच्या कामगारांसाठी नाक धुवायची चांगली वेळ पाळी सुटल्यावरची, कारण दिवसभराचे तंतू तेव्हा आत असतात. पण पुष्कळ जण बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले, एका खोलीत सहा-सात, न्हाणीघर सामाईक. तिथं बेसिन नाही, वेगळं पातेलं नाही. त्यांच्यासाठी मी सोपं करून सांगते, बादलीवर वाका, पुडी वापरा, डिस्टिल्ड पाण्याची बाटली चौघांत मिळून आणा, पण नाकाची बाटली ज्याची त्याला. काही शेडमध्ये चहासाठी पाणी उकळतंच. दोन मालकांशी बोलले आहे, एकजण पाळीच्या शेवटी उकळून झाकलेलं पाणी ठेवायला तयार आहे.

मराठीतला माझा एक पानी कागद दुकानात कधीचा आहे, चित्रांसह. आता त्याचं हिंदी पान करतो आहोत. सायझिंगमध्ये काम करणारा एक बिहारी मुलगा संध्याकाळी येऊन वाक्यं नीट करून देतो आणि माझ्या हिंदीतल्या चुका दाखवतो. डोकं किती झुकवायचं याचं चित्र त्याला पटलेलं नाही, ते पुन्हा काढायचं आहे. पाण्याची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत घ्यायची, हे दोघांचंही ठरलं आहे.